शॉर्टहँडमधलं प्राग

युरोपला माझ्याबरोबर कॉलेजचा एक मित्र येणार होता. पाठीवर एकेक बॅग, नऊ दिवस, चार शहरं: प्राग, व्हिएन्ना, मध्ये एक दिवस ब्रातिस्लाव्हा आणि शेवटी बुडापेस्ट. आम्ही दोघंही पहिल्यांदाच देशाबाहेर पडणार होतो. मग त्याचं लग्न ठरलं. "सॉरी यार, आता नाही जमणार," असं तो फोनवर म्हणाला तेव्हा मी राजधानीत, द्वारका भागातल्या आईबाबांच्या फ्लॅटवर होतो. फोन ठेवून मी स्वयंपाकघरात गेलो आणि आईजवळ चिडचिड केली. ती पोळ्या लाटत होती. बाहेर बाबांचा टीव्ही मोठ्याने चालला होता. हातातलं लाटणं न थांबवता ती म्हणाली, "मी आले तर चालेल?"

मला वाटलं गंमत करतेय.

"आई, हॉस्टेलमध्ये राहायचंय. एका खोलीत आठ जण. खालीवर बेड."

"मला खालचा दे."

आई तेव्हा बासष्ट वर्षांची होती. तीस वर्षं तिने एका मंत्रालयात स्टेनोची नोकरी केली. बाबाही केंद्र सरकारातच होते, सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त झाले. ऑफिसात त्यांचा आवाज कधी चढला नाही, असं त्यांचे सहकारी सांगत, आणि ते खरंच असणार. घरी ते आईला मारायचे.

तिच्या डाव्या कानाला कमी ऐकू येतं. फोनवर भावाशी बोलताना ती मोठ्याने हसली, म्हणून बाबांनी तिच्या हातातला रिसीव्हर हिसकून त्याच कानावर मारला होता. मी सात वर्षांचा होतो. खाली लोंबणाऱ्या रिसीव्हरमधून मामाचं "हॅलो, हॅलो" ऐकू येत राहिलं. पुढे एका संक्रांतीला मराठी मंडळाची बस पानिपतला निघाली होती, स्मारकावर फुलं वाहायला. आई खिडकीपाशी बसली आणि बाबांना ती जागा हवी होती. बसमधल्या सगळ्यांसमोर त्यांनी तिला थोबाडीत मारली. पुढच्या सीटवरच्या काकांनी वळून बघितलं आणि परत मान फिरवली. थोड्या वेळाने कुणीतरी "हर हर महादेव" सुरू केलं. आईनेही सगळ्यांबरोबर म्हटलं.

मी कधीच मध्ये पडलो नाही. बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसायचो. नोकरी लागली तसा गुरुग्रामला खोली घेऊन राहायला गेलो. मानेसरला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत मी प्लॅनिंगमध्ये आहे. कुठला पार्ट कुठल्या दिवशी कुठल्या लाइनवर पोचला पाहिजे, हे ठरवणं माझं काम. आईचं काय करायचं, हे मात्र मी दहा-बारा वर्षं पुढे ढकलत आलो होतो. बाबांचं वय झालं तसं मारणं कमी झालं होतं. संपलं नव्हतं.

"व्हिसा हातात आला की त्यांना सांगू," आई म्हणाली. तोवर आम्ही दर शनिवारी कस्तुरबा गांधी मार्गावरच्या आपल्या राज्याच्या सदनाच्या कँटीनमध्ये भेटायचो. घरी ती मंडळाचं काम आहे असं सांगून यायची. मी लॅपटॉप उघडायचो, ती वही. कुठल्या शहरात किती रात्री, बस घ्यायची की ट्रेन, स्टेशनवरून हॉस्टेल किती लांब, सगळं ती शॉर्टहँडमध्ये उतरवून घ्यायची. मी बोलतोय तोवर तिचं लिहून झालेलं असायचं.

"मराठीत लिही ना, मलाही कळेल."

"तुला कळून काय करायचंय? तुझ्या लॅपटॉपात आहे की."

तिच्यासाठी घेतलेली बॅग माझ्या खोलीवर ठेवली होती. एका शनिवारी मी तिच्यात कणकेचं पाच किलोचं पाकीट आणि पाण्याच्या दोन बाटल्या भरून आणल्या. ती बॅग पाठीला लावून, सलवार-कमीज आणि पांढऱ्या बुटांत, आई कँटीनपासून इंडिया गेटपर्यंत चालली आणि परत आली. खांद्यांना पट्टे काचले होते. "कणीक कमी कर," एवढंच म्हणाली. परत येताना प्रत्येक वळणावर ती "दोब्री देन" म्हणत होती. प्रागमध्ये दुकानात शिरताना तसं म्हणायचं असतं, हे मी तिला सांगितलं होतं.

व्हिसाची अपॉइंटमेंट मंगळवारची मिळाली. त्याआधीच्या रविवारी दुपारी मी तिच्या फॉर्मवर सही घ्यायला द्वारकेला गेलो. जिन्यातच बाबांचा आवाज आला. माझ्याकडे किल्ली होती. मी दार उघडून आत गेलो.

बाबा डायनिंग टेबलाशी उभे होते, हातात आईची वही. टेबलावर तिचा पासपोर्ट आणि फोटो पसरलेले. आई खुर्चीत बसली होती.

"आला. दुसरा सूत्रधार आला," बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले. मग तिला, "हे काय लिहिलंय?"

"प्रवासाचं आहे."

"वाच. मोठ्याने वाच."

आईने चष्मा लावला आणि वाचायला लागली. "प्राग. स्टेशनवरून ट्राम घ्यायची. तिकीट चढल्यावर मशीनमध्ये घालून शिक्का मारायचा. स्वच्छतागृहाला सुटी नाणी लागतात, जवळ ठेवायची. दुकानात शिरताना..."

"खोटं. माझ्याबद्दल लिहिलंयस."

"तुमच्याबद्दल यात काहीच नाही."

हे ती अगदी साधेपणाने म्हणाली. बाबांनी तिच्या हातातली वही ओढून अर्ध्यातून फाडली आणि मूठ वळून तिच्या तोंडावर मारली. खुर्चीसकट ती बाजूला कलंडली. मागे फ्रीज होता, त्याच्या कडेवर तिचं कपाळ आपटलं. भुवई फाटली. रक्त चष्म्याच्या काचेवरून ओघळून फरशीवर पडायला लागलं आणि ती ते ओढणीने पुसायला लागली. फरशीवरचं. कपाळावरचं नाही.

पुढचं जसं घडलं तसं सांगतो. मी बाबांची कॉलर धरून त्यांना भिंतीवर आपटलं आणि तोंडावर ठोसा मारला. ते खाली बसले. तिथे थांबता आलं असतं. सत्तरीला टेकलेला माणूस होता, तो आता उठून कुणाला मारणार नव्हता. मी त्यांच्या छातीवर गुडघा ठेवला आणि मारत राहिलो. त्यांची कवळी बाहेर आली. तोंड झाकायला त्यांनी उजवा हात वर केला, तो मी मनगटापाशी पकडून उलटा पिरगाळला. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला, आणि तरी मी सोडलं नाही. मी शिव्या देत होतो. त्या सगळ्या त्यांच्याच शिव्या होत्या, त्यांच्याच क्रमाने. आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटत होतं. इतकी वर्षं अंगात अडकलेलं काहीतरी मोकळं होतंय असं वाटत होतं.

"सोड त्यांना!" आई ओरडत होती. मला ऐकू येत होतं, पण ते मला उद्देशून आहे असं वाटत नव्हतं. मग माझ्या खांद्यावर, मग कानामागे काहीतरी जड आदळलं. आईने पाण्याची स्टीलची बाटली घेतली होती. मी उठून वळलो. माझी मूठ वर होती.

आईने कोपर उचलून तोंड झाकलं.

मी किती वेळ तसा उभा होतो, माहीत नाही. मग हात खाली घेतला. आईने कोपर खाली घेतलं नाही.

दारात खालच्या मजल्यावरच्या काकू आल्या. "क्या हुआ जी? इतना शोर?"

बाबा जमिनीवरूनच बोलले. कवळी नसल्यामुळे शब्द धड फुटत नव्हते. "कुछ नहीं, बहनजी. पैर फिसल गया."

हॉस्पिटलमध्ये कॅज्युअल्टीच्या तरुण डॉक्टरने आधी आईची भुवई बघितली, मग बाबांचं मनगट. "दोनों एक साथ फिसल गए?" त्याने विचारलं.

"नहीं," आई म्हणाली. "मुझे इन्होंने मारा. और इन्हें इसने." तिने माझ्याकडे बोट केलं.

इतक्या वर्षांत परक्या माणसासमोर ती हे पहिल्यांदा बोलत होती. आणि त्याच वाक्यात मीही होतो. डॉक्टरचं पेन थांबलं. हॉस्पिटलच्या चौकीतला हवालदार आला, त्याने तिघांचं लिहून घेतलं. तक्रार करायची आहे का, असं विचारल्यावर बाबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. आई म्हणाली, "आज नहीं. पर इस काग़ज़ की कॉपी मुझे चाहिए." तिला चार टाके पडले. बाबांना प्लास्टर.

"माझ्याकडे चल," मी बाहेर आल्यावर म्हटलं.

"नको." तिने जनकपुरीत राहणाऱ्या तिच्या जुन्या मैत्रिणीला फोन लावला होता. दोघी मंत्रालयात एका सेक्शनला होत्या. मैत्रीण रिक्षाने आली, आईकडे बघितलं आणि तिला घेऊन गेली. माझ्याकडे तिने मान वर करूनही बघितलं नाही.

मंगळवारी आई येईल असं मला वाटलं नव्हतं. मी कॅनॉट प्लेसजवळच्या व्हिसा सेंटरबाहेर दोघांच्या फायली घेऊन उभा होतो; आईचा पासपोर्ट मी रविवारीच टेबलावरून उचलून ठेवला होता. मेट्रोच्या जिन्यातून ती वर आली. डावा डोळा पूर्ण मिटलेला, भोवती जांभळं झालेलं, भुवईवर पट्टी. तिच्याकडे बघून एक मुलगी चालता चालता थांबली.

"माझी फाईल दे," आई म्हणाली.

"आत गेल्यावर देतो."

"वेगळी दे. मी एकटी जाणार आहे."

मला आधी कळलंच नाही. "एकटी म्हणजे? आज?"

"आज पण, आणि तिकडे पण."

"आई, मी तुला वाचवलं."

"हो." तिने माझ्या हातातून तिची फाईल घेतली. "पहिला ठोसा मारलास ना, तोवर वाचवलंस. नंतरचे माझ्यासाठी नव्हते."

"सॉरी म्हणतोय मी. हजारदा म्हणतो. पुन्हा नाही होणार."

"हे मी ऐकलेलं आहे," आई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "तू माझा मुलगा आहेस. पण नऊ दिवस, परक्या गावांत, एका खोलीत तुझ्याबरोबर राहायचं म्हटलं तर मला भीती वाटेल. भीती घेऊन जायचं असेल तर द्वारका काय वाईट आहे?"

अर्जाबरोबरच्या पत्रात मी लिहिलं होतं की अर्जदार आपल्या मुलाबरोबर प्रवास करत आहेत. ते तिने काढून टाकलं. शेजारच्या गल्लीत फोटोकॉपीचं दुकान होतं, तिथे गेली आणि दुकानदाराला म्हणाली, "भैया, टाइपिंग करनी है. मैं ख़ुद करूँगी." तो खुर्चीतून उठला. एका डोळ्याने स्क्रीनकडे बघत, कीबोर्डकडे एकदाही न बघता, तिने पानभर पत्र टाइप केलं. बोटं इतकी भरभर चालली होती की झेरॉक्स घ्यायला आलेली दोन माणसंही बघत राहिली. मी तिच्या मागे उभा राहून वाचलं. पहिल्याच ओळीत होतं, मी एकटी प्रवास करणार आहे. राहण्याची आणि फिरण्याची बुकिंग माझीच होती, तारखासुद्धा. फक्त मी त्यात नव्हतो. प्रिंट काढून तिने पत्रावर आणि फॉर्मवर सही केली, घड्याळ बघितलं आणि निघाली. व्हिसा सेंटरमधल्या बाईने तिला फोटोसाठी डोळा बरा झाल्यावर यायला सुचवलं होतं, हे मला नंतर कळलं. आईने नाही म्हटलं. तिच्या व्हिसावरच्या फोटोत टाक्यांची पट्टी आहे.

मी माझा अर्ज भरलाच नाही. तिची बॅग मैत्रिणीच्या दारात ठेवून आलो.

आई युरोपला गेली तेव्हा बाबांचं प्लास्टर निघायचं होतं. ऑफिसची बस मला सहाच्या सुमारास गुरुग्रामला सोडायची, तिथून मी मेट्रोने द्वारकेला जायचो. भाजी गरम करायची, पोळीचे तुकडे करून ताटात ठेवायचे, त्यांना अंघोळीला मदत करायची. हा काही चांगुलपणा नव्हता. तो हात मी मोडला होता आणि दुसरं कुणी यायला तयार नव्हतं. आम्ही बोलायचो नाही. एका संध्याकाळी मी त्यांच्या शर्टाची बटणं लावत होतो तेव्हा त्यांनी विचारलं, "आज कुठे आहे ती?"

"व्हिएन्नाला."

"एकटीच गेली म्हणजे. तुलासुद्धा नाही नेलं." ते हसले. "शेवटी काय, तू माझ्याच रांगेत."

मी गळ्याजवळचं बटण लावत होतो. माझ्या बोटांच्या खाली त्यांचा गळा होता, म्हातारा, सैल, नाडी उडत असलेला. बोटं आपोआप आवळली. त्यांना ते कळलं, कारण ते हसायचे थांबले. मी हात काढून घेतले, बाहेर आलो आणि जिन्यात बसून राहिलो. अर्ध्या तासाने आत गेलो तेव्हा ते तसेच उभे होते, उघड्या कॉलरने. उरलेलं बटण मी लावलं नाही. तसंच ताट वाढलं.

आई परत आली ती जनकपुरीतच राहिली. मैत्रिणीच्या वरच्या मजल्यावर तिने खोली घेतली आहे. ट्रिपबद्दल तिने मला फार सांगितलेलं नाही. ब्रातिस्लाव्हात ती रस्ता चुकून तीन तास भटकली आणि तो दिवस तिला सगळ्यात आवडला, एवढं माहीत आहे. महिन्याभराने तिने हॉस्पिटलमधला कागद घेऊन वकीलबाई गाठल्या. बाबांपासून वेगळं व्हायचं होतं आणि तीस-पस्तीस वर्षांचं सगळं लिहायचं होतं. वकीलबाईंनी मला बोलावून घेतलं. साक्ष द्याल का, विचारलं. मी हो म्हटलं.

"त्या रविवारचंही सगळं सांगावं लागेल," त्या म्हणाल्या. "तुम्ही काय केलंत ते सुद्धा. समोरचा वकील सोडणार नाही."

मी सांगायला सुरुवात केली. रिसीव्हरपासून. आई बाजूच्या खुर्चीत बसून ऐकत होती. मी मूठ उगारून तिच्याकडे वळलो इथवर आलो तेव्हा थांबलो, तर ती म्हणाली, "सांग. तेही सांग." मी सांगितलं.

खाली उतरल्यावर तिने चहावाल्याला दोन चहा सांगितले. आम्ही फुटपाथवर उभं राहून ते प्यालो. दोघांच्या मध्ये तिने एक माणूस उभा राहील एवढी जागा ठेवली होती. मी ती कमी करायचा प्रयत्न केला नाही.