गप्प बसण्याची बिदागी

"तू काय करतेस गं हल्ली?" असं कुणी विचारलं की स्पोमेंका म्हणायची, "झेरॉक्स काढते." खरं तर ती सकाळी सहा ते दुपारी दोन सर्बियातल्या आपल्या गावी रासबेरीच्या शीतगृहात फळं निवडायला उभी असायची. पण दोननंतरचा तिचा सगळा जन्म तालुक्याच्या कचेरीत चालला होता, आणि त्याला आता तीन वर्षं होत आली होती.

तिची मुलगी कालिना सात वर्षांची, स्वमग्न. हा शब्द पहिल्यांदा कानावर पडला तेव्हा स्पोमेंका एकदाच मनसोक्त रडली आणि डोळे पुसून कामाला लागली. अशा मुलांना सांभाळायला सरकार भत्ता देतं म्हणे. त्यासाठी डॉक्टरांच्या समितीपुढे पोरीला उभं केलं. समितीने नाव विचारलं. एरवी दिवसदिवस तोंड न उघडणाऱ्या पोरीने नेमकं त्याच दिवशी नाव सांगितलं, खणखणीत, आडनावासकट. समितीने 'सौम्य' असं लिहिलं आणि भत्ता नाकारला. स्पोमेंकाने कपाळावर हात मारून घेतला. पोरीने एकदा 'आई' म्हणावं म्हणून ती घरी जिवाचं रान करत होती, आणि बोलली ती या शिक्केवाल्यांपुढे!

मग एका धर्मादाय संस्थेकडे अर्ज केला. त्यांना राजधानीतल्या तज्ज्ञांचा अहवाल हवा होता, आणि त्यातली तपासणी सहा महिन्यांच्या आतली हवी होती. तपासणी झाल्यावर अहवाल हातात पडायला सात महिने लागत.

"म्हणजे हा कागद म्हाताराच जन्माला येतो म्हणा की," स्पोमेंका संस्थेच्या खिडकीतल्या बाईंना म्हणाली.

"मी काय करू बाई? नियम काय मी केलेत?" मग काचेतून कालिनाकडे बघत त्या म्हणाल्या, "दिसते तर किती छान. हिला काही झालंय असं वाटत नाही हो."

"तुम्हीही छानच दिसता," स्पोमेंका म्हणाली, "म्हणून काम होतंय थोडंच?"

सरकारी काम अन् सहा महिने थांब असं आपण म्हणतो. इथे ते सहाही पुरत नव्हते.

या सगळ्या रखडपट्टीत एकच गोष्ट धड चालली होती, ती म्हणजे वीदाबाईंची शिकवणी. वीदाबाई अशा मुलांच्या शिक्षिका. मंगळवारी आणि शुक्रवारी कालिना त्यांच्याकडे जायची. तिथे ती जोडे घालायला शिकली, भूक लागली की पोटावर हात ठेवायला शिकली. त्याआधी पोरगी भुकेने रडते की दुखतंय म्हणून रडते, हे आईलाही कळत नसे. पण फी जबर होती. स्पोमेंकाचा अर्धा पगार तिथेच जायचा आणि तरी उधारी राहायची. ऑगस्टमध्ये वीदाबाईंनी अवघडून सांगितलं, "एक सप्टेंबरपर्यंत पुढच्या चार महिन्यांची आगाऊ फी आली तर जागा तिची. नाहीतर रांगेत नऊ मुलं आहेत गं. मलाही भाडं भरायचंय."

आता पुढे आला तिचा सासरा. मिलादिन म्हणजे गावच्या ट्रम्पेट बँडचा म्होरक्या. चाळीस वर्षं लग्नं, बारशी, मयती त्याच्याशिवाय पार पडली नव्हती.

"पैसेच ना? मी गोळा करतो. मदतीसाठी जत्रा भरवू. पश्चिम सर्बियातले बारा बँड आणतो, बघच तू!"

"बाबा, तिला आवाज सोसत नाही."

"होईल सवय. ट्रम्पेटवाल्याची नात आहे ती, सूनबाई."

नवरा रादे स्लोव्हेनियात छपरं घालायच्या कामावर. तो फोनवर म्हणाला, "बाबा म्हणतात तसं कर. मी छपरावर आहे, नंतर बोलतो." लग्न झाल्यापासून हा माणूस महत्त्वाच्या वेळी छपरावरच असायचा.

जत्रा रविवारी दुपारी, शाळेच्या मैदानात. मैदानाचं कुंपण संपलं की मागे यांचंच घर. कालिनाला सकाळीच आपल्या बहिणीच्या गावी पोचवायचं असं स्पोमेंकाने ठरवलं होतं, तर बँडवाल्यांच्या गाड्यांनी रस्ताच अडवून टाकला. शेवटी शेजारच्या देसांका आजींना घरी बसवून ती मैदानात आली. शेळ्या-कोकरं निखाऱ्यांवर सळईला फिरत होती, राकिया या फळांच्या दारूचे पेले भरत होते, आणि बारा बँड एकाच वेळी बारा गाणी फुंकत होते. ज्याला वाजवणं आवडेल तो नोट थुंकीने ओली करून वाजवणाऱ्याच्या कपाळावर चिकटवायचा. ते सगळे पैसे कालिनाचे.

नगराध्यक्ष फोटोवाल्याला घेऊन आले. "मुलगी कुठे आहे? आणा ना तिला स्टेजवर. पोर डोळ्यांना दिसलं की लोकांचा हात खिशात जातो."

"ती नाही यायची."

"असं कसं? लोक म्हणतील, मुलगी खरंच आहे की नाही!"

तेवढ्यात देसांका आजी धापा टाकत आल्या. "पोरगी पलंगाखाली शिरलीय गं. डोकं आपटतेय जमिनीवर. मला हात लावू देत नाही."

भीक नको पण कुत्रं आवर, अशी वेळ आली होती. स्पोमेंकाने नगराध्यक्षांच्या हातातला माईक ओढून घेतला.

"तुम्ही सगळे चांगले आहात," ती ओरडली. "देव तुमचं भलं करो. पण जिच्यासाठी वाजवताय ती तुमच्या वाजवण्यामुळे पलंगाखाली डोकं आपटतेय! मला पैसे हवेत, नाही म्हणत नाही. पण हे थांबवा हो! काय घ्याल थांबवायचं?"

क्षणभर लोकांना काही कळेना. मग रासबेरीचा मोठा व्यापारी ओब्रेन, तीन पेले पोटात असलेला, उठला. "कधी ऐकलं नव्हतं हे! घे रे, हजार दिनार, गप्प बस!" आणि त्याने पहिल्या बँडवाल्याच्या कपाळावर नोट मारली. बँड थांबला. लोक खदाखदा हसले.

"दोन हजार, वाजव!" त्याचा मेहुणा तिहोमिर ओरडला. ओब्रेनपुढे तो कधीच हरला नव्हता.

"पाच हजार, बंद!"

मग काय विचारता! आपली रासबेरी घेणारा ओब्रेन हरू नये म्हणून अर्धं गाव पैसे देऊन बँड बंद पाडायला लागलं. अशा लोकांपुढे हसावं की रडावं हे स्पोमेंकाला कळेना. तिसरा थांबला, पाचवा थांबला, अकरावाही थांबला. उरला मिलादिन. कपाळावर सहा नोटा, सगळ्या गप्प बसण्याच्या, आणि हा लालबुंद होऊन फुंकतोच आहे. चाळीस वर्षांत त्याला कुणी थांबायचे पैसे दिले नव्हते. हा अपमान तो गिळणार कसा?

दम घ्यायला त्याने ट्रम्पेट ओठांवरून काढला, आणि तेवढ्या फटीतून सगळ्या मैदानाने ऐकलं. कुंपणापलीकडून एक बारीक, लांबलचक किंकाळी येत होती. ती आत्ता सुरू झालेली नव्हती. दुपारपासून चालू होती.

त्याच्या बँडचा ढोलवाला अजून बडवत होता. मिलादिनने खिशातून स्वतःची नोट काढली, ओली केली आणि त्याच्या कपाळावर चिकटवली.

"पुरे," तो म्हणाला.

चार महिन्यांची फी निघाली. पाचव्याची नाही, म्हणजे जानेवारीत पुन्हा कचेरीच्या पायऱ्या होत्याच. पण स्पोमेंकाने तेव्हा पैशांकडे पाहिलंसुद्धा नाही. ती धावत घरी गेली आणि पलंगाशेजारी जमिनीवर आडवी पडून राहिली. पोरीला ओढायचं नसतं, नुसतं जवळ असायचं असतं. बऱ्याच वेळाने किंकाळी थकली, तिचं कण्हणं झालं. पलंगाखालून एक घामेजलेला हात बाहेर आला आणि आईच्या बाहीला धरून राहिला.

मिलादिन दारात उभा होता, ट्रम्पेट अजून काखेत.

"मी रोज संध्याकाळी अंगणात सराव करतो," तो म्हणाला. "या खिडकीखाली. तेव्हाही ती इथे, पलंगाखाली?"

"तेव्हाही."

"रांगायला लागल्यापासून?"

"रांगायला लागल्यापासून, बाबा."

"मग सांगितलं का नाहीस गं पोरी?"

स्पोमेंकाने मानही वळवली नाही.

"सांगितलं. रोज सांगितलं. तुम्ही वाजवत होतात."