सातव्या पानावरचं नाव

जावा बेटावरच्या कुतोआर्जो गावात कुणाच्या घरचं माणूस वारलं, की दोन ठिकाणी निरोप जायचा. एक मशिदीत आणि दुसरा बू लासमिनाकडे. मशिदीतला कर्णा नाव एकदा पुकारून मोकळा होतो. बू लासमिना ते नाव टाइप करायची, ते छापलं जायचं आणि घराघरांतल्या काचेच्या कपाटात वर्षानुवर्षं राहायचं. बू म्हणजे आई, जसं पुरुषांना पाक म्हणजे बाप. गाव तिला तेच म्हणे आणि पोटची लेकही तेच.

बाजारामागच्या पाक झुहदींच्या छापखान्यात तिनं एकोणतीस वर्षं टायपिंग केलं. लग्नपत्रिका असत, पावतीपुस्तकं असत, पण तिचं खरं काम यासीनच्या पुस्तिकांचं. माणूस गेल्यावर चाळिसाव्या, शंभराव्या आणि शेवटी हजाराव्या दिवशी शेजारीपाजारी जमतात, कुराणातला यासीन हा अध्याय वाचतात आणि शंभराव्याला नि हजाराव्याला निघताना प्रत्येकाच्या हातात जेवणाच्या डब्याबरोबर गेलेल्याच्या नावाची पुस्तिका पडते. आतला मजकूर सगळ्यांचा एकच. त्यामुळे कुणी शहाणा टायपिस्ट कोऱ्या पानापासून सुरुवात करत नाही. मागच्या मयताची फाइल उघडायची, त्याचं नाव पुसायचं आणि नव्याचं घालायचं. नाव सहा ठिकाणी येतं: मुखपृष्ठावर, फोटोखाली, घरच्यांच्या निवेदनात, सातव्या पानावर ‘हे पठण अमक्याच्या आत्म्यास पोहोचो’ या ओळीत, अखेरच्या दुआत आणि मागच्या कव्हरवर. बू लासमिना सहा बोटं दुमडायची आणि म्हणायची, “मागच्याला उठवला, पुढच्याला बसवला!” सुतकी चेहऱ्यानं आलेली माणसंसुद्धा यावर हसायची.

मग तिच्या डोळ्यांचा मध्यभाग गेला. कडेचं सगळं शाबूत होतं, पण जिकडे बघावं तिथेच नेमकं धुकं. समोरच्या माणसाचे कान दिसायचे, चेहरा दिसायचा नाही. पुरवोरेजोच्या डॉक्टरनं सांगितलं की पडदा झिजलाय, गेलेलं परत येणार नाही. घरी येऊन तिनं चकार शब्द काढला नाही. बोटांना कीबोर्ड पाठ होता. शब्द वाचायचा तर त्याच्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघायचं, ही युक्ती तिची तिलाच सापडली. गिऱ्हाइकानं कागद दिला की ती म्हणायची, “वाचा बघू तुम्हीच, तुमच्या नात्यातली नावं तुम्हालाच नीट ठाऊक.” असं तिनं अडीच वर्षं निभावून नेलं. कुणाच्या लक्षात आलं नाही अशी तिची खात्री होती, आणि ह्या खात्रीचंच वाईट वाटतं.

त्याच काळात तिचा मुलगा हनुंग गेला. सव्वीस वर्षांचा होता. तेंपेच्या, म्हणजे सोयाबीनच्या वड्यांच्या, टोपल्यांनी भरलेली छोटी गाडी घेऊन पहाटे केबुमेनला निघाला आणि वळणावर समोरून ट्रक आला. शंभराव्या दिवसाची पुस्तिका बू लासमिनानं स्वतः केली. पाक झुहदी म्हणाले, “बू, दुसऱ्या कुणाला तरी करू द्या, तुम्ही घरी बसा.” ती म्हणाली, “त्याच्या शेवटच्या न्हाण्याला मला जवळ जाऊ दिलं नाही, बायकांनी धरून ठेवलं. कबरीतही पुरुषांनीच उतरवलं. मग माझ्या हातचं काय राहिलं?” आणि ती कॉम्प्युटरसमोर जाऊन बसली.

पुढे एका लग्नपत्रिकेत नवरीच्या जागी नवरीच्या आईचं नाव गेलं आणि सगळं उघडं पडलं. पाक झुहदी भला माणूस. ओरडले नाहीत. तिला पुस्तिका दुमडायच्या आणि पिना मारायच्या कामावर बसवलं. ती बसली. फक्त एवढंच म्हणाली, “हनुंगचा हजारावा दिवस सात महिन्यांवर आलाय. ती एक पुस्तिका मला करू द्या. त्यानंतर कॉम्प्युटरला बोटसुद्धा लावणार नाही.”

“अहो, पण दिसत नाही तर कराल कशी?”

“शिकेन.”

हजारावा दिवस म्हणजे शेवटचा. तो झाला की कबरीवर दगड बसतो, पुढे काही करायचं उरत नाही, आणि गेलेल्यालाही जाऊ द्यायचं असतं. तिला त्याला जाऊ द्यायचं होतं, पण स्वतःच्या हातानं.

स्टेशनाजवळ मालिशचं दुकान चालवणारे पाक सारविदी जन्मांध. सोमवारी आणि बुधवारी सकाळी ते अंधांच्या मंडळाच्या खोलीत कॉम्प्युटर शिकवत. त्यांनी हात हातात घेऊन आधी तिची बोटं चाचपली.

“टायपिस्टची बोटं आहेत! किती दिसतं?”

“कडेकडेचं दिसतं. मधलं नाही.”

“मग आमच्यात तुम्ही श्रीमंतच की. नाव काय लावू?”

“नाव कुठे लिहू नका हो. कुणी बघेल.”

“बू, इथं बघायला डोळे कुणाला आहेत?” पाक सारविदी म्हणाले आणि अख्खी खोली हसली. कितीतरी दिवसांनी तीही हसली.

आधी त्यांनी स्क्रीन काळी करायला लावली आणि अक्षरं पिवळी. मग अक्षरं मोठी, आणखी मोठी. वाचता येऊ लागलं, पण तीन शब्दांत स्क्रीन भरून जायची. बांबूच्या नळीतून भाताचं शेत बघावं तसं व्हायचं. ओळ संपली की पुढची कुठे सुरू झाली ते सापडायचं नाही. ती रडकुंडीला यायची. शेवटी पाक सारविदींनी तिच्या कानावर हेडफोन चढवला.

“डोळ्यांचे लाड पुरे झाले. आता ऐका.”

कानात एक बाई बोलू लागली. जे बोट दाबावं ते अक्षर म्हणायची, जिथे जावं ती ओळ वाचायची. अरबी मजकूर आला की गप्प बसायची.

“ही बया एवढ्या घाईनं का बोलते?”

“तिला काम उरकून घरी जायचंय, बू. तिचा वेग कमी करू, थांबा.”

एफ आणि जे या अक्षरांवर त्यांनी गोंदाचे थेंब वाळवून टेंगळं केली. माउस काढून खणात टाकला. चार महिने ती सोमवार-बुधवार चुकली नाही. पावसात चप्पल हातात घेऊन यायची. ओळ कशी पकडायची, शब्द कसा निवडायचा, पुसल्यावर खरंच पुसलं गेलं का ते कसं तपासायचं, सगळं शिकली.

“एक सांगू?” पाक सारविदी एकदा म्हणाले. “डोळस माणसाला जे असायला हवं तेच दिसतं. ही बया मात्र जे आहे तेच वाचते. तिला कुणाची भीडभाड नाही.”

“चांगलंच आहे मग,” बू लासमिना म्हणाली.

हजाराव्या दिवसाला तीन आठवडे उरले तेव्हा ती छापखान्यातल्या कॉम्प्युटरवर ती बोलणारी बाई चढवून, हेडफोन लावून बसली. दुपारच्या नमाजाला सगळे गेले होते. तिनं हनुंगच्या शंभराव्या दिवसाची फाइल उघडली. नाव तेच राहणार, फक्त शंभराचं हजार करायचं आणि तारीख बदलायची. मुखपृष्ठ: हनुंग प्रसेत्या बिन मार्सुदी. फोटोखाली: हनुंग प्रसेत्या. निवेदनात, हनुंग. तिनं तीन बोटं दुमडली. मग सातवं पान आलं आणि कानातली बाई सपाट आवाजात म्हणाली, “हे पठण हाजी कास्मुरी बिन दुलमनान यांच्या आत्म्यास पोहोचो.”

तिला वाटलं, फाइलच चुकीची उघडली. मागे जाऊन मुखपृष्ठ ऐकलं. हनुंग. पुन्हा सातवं पान. हाजी कास्मुरी. तिनं ती ओळ पाच वेळा वाचायला लावली आणि पाची वेळा बाईनं तेच सांगितलं. कास्मुरी वीटभट्टीवाले, हनुंगच्या आदल्याच महिन्यात गेले होते. त्यांच्या पुस्तिकेवरून तिनं ही केली होती. पुढच्याला बसवला होता, पण मागच्याला उठवायचं राहून गेलं होतं.

ती तशीच उठून घरी गेली. लेक, रेत्नो, चुलीवर केळी तळत होती.

“रेत्नो, हनुंगच्या पुस्तिकेत सातव्या पानावर कुणाचं नाव आहे?”

झारा कढईतच थांबला. “कुणी सांगितलं तुला?”

या प्रश्नानं तिला सगळं कळलं. ती दाराला टेकली. “म्हणजे तुला माहीत होतं.”

“बू, बस आधी.”

“आणखी कुणाला?”

“सगळ्यांना, बू.” रेत्नोनं चुलीतलं लाकूड मागे ओढलं. “शंभराव्या दिवशी मयताचे विधी करणाऱ्या मोदिनकाकांनी पान उघडलं, क्षणभर थांबले आणि हनुंगचंच नाव घेतलं. मग सगळ्यांनीच तसं केलं. दुसऱ्या दिवशी मी बरोबर नावाच्या पट्ट्या कापल्या, घरोघरी जाऊन चिकटवणार होते. पण शेजारच्या सुरिपकाकू म्हणाल्या, नको. तुझ्या आईची बोटं फार शहाणी आहेत, पट्टी हाताला लागली की तिला समजेल.”

“आणि कास्मुरींची बायको?”

“त्यांनी तर सगळ्यांत आधी पाहिलं. म्हणाल्या, असू दे गं, आमच्याकडे त्यांच्या नावाच्या तीनशे पडल्यात, ही एक जास्तीची.”

“अडीच वर्षं मला वेड्यात काढलंत.”

“वेड्यात नाही काढलं, बू! तुला काय सांगायचं होतं, की मुलाच्या जागी दुसऱ्याचं नाव राहिलं तेही तुला दिसलं नाही?” रेत्नो आता रडत होती. “आणि एकानंही चुकीचं नाव घेतलं नाही. दर शुक्रवारी बायका आपल्याकडे त्याचीच पुस्तिका घेऊन यासीन वाचायला बसतात, तेव्हा सगळ्या हनुंगच म्हणतात. त्याला सगळं पोचलंय.”

“पोचलं असेल,” बू लासमिना म्हणाली. “तुमचं पोचलं. माझ्या हातचं एकच होतं, ते दुसऱ्याला गेलं.”

दोन दिवस ती अंथरुणावरून उठली नाही. तिसऱ्या दिवशी सोमवार होता. ती मंडळाच्या खोलीत गेली आणि पाक सारविदींना सगळं सांगितलं. ते नेहमीप्रमाणे काहीतरी टोमणा मारतील असं तिला वाटलं होतं, पण त्यांनी तिच्यासाठी खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाले, “मला माणसं आयुष्यभर असंच सांभाळत आली, बू. खड्डा आला की सांगत नाहीत, नुसतं कोपराला धरून वळवतात. त्यांची माया खरी असते, पण रस्ता आपल्याला कधी कळत नाही. करा पुस्तिका.”

तिनं केली. पूर्ण नऊ दिवस लावले. सहाही जागा वीस-वीसदा ऐकल्या. पाक झुहदी म्हणाले, “मी एकदा नजर टाकतो.” ती म्हणाली, “टाका, पण काही सापडलं तर मला सांगा. गुपचूप सुधारू नका.” त्यांना काही सापडलं नाही. छापून झाल्यावर तिनं स्वतः दुमडल्या, स्वतः पिना मारल्या आणि प्रत्येक पुस्तिकेवरून एकदा हात फिरवला.

हजाराव्या दिवशी, दुपार कलल्यावर, घर माणसांनी भरलं. बाहेर चटयांवर पुरुष, आत बायका. मोदिनकाकांनी सुरुवात केली आणि सगळ्यांनी सातवं पान उघडलं. पानांची सळसळ तिला ऐकू आली, आणि ती कान देऊन थांबली.

ती कशासाठी थांबली होती हे त्या घरात एकट्या तिलाच ठाऊक होतं. इतक्या शुक्रवारी, हनुंगचं नाव यायच्या अगदी आधी, बायकांचा सूर अर्धा श्वासभर अडायचा. दरवेळी अडायचा. तिला वाटायचं, त्यांनाही तो आठवतोय. आठवड्याला तेवढा अर्धा श्वास तिला पुरायचा. त्याच्यावर ती उठायची, कामाला जायची, भात शिजवायची. माझं पोर कुणी विसरलेलं नाही, एवढं तिला त्यातून कळायचं.

मोदिनकाकांचा आवाज ओळीवर आला. बायकांनी समोर छापलेलं होतं ते वाचलं, “हनुंग प्रसेत्या बिन मार्सुदी,” आणि कुठेही न अडता त्या पुढच्या ओळीवर गेल्या. समोर आता ओलांडायला कास्मुरींचं नाव नव्हतं, त्यामुळे अडायचं कारणच उरलं नव्हतं.

रेत्नोनं तिचा हात दाबला आणि कानाशी कुजबुजली, “बघ बू, एकही चूक नाही.”

“नाही ना,” बू लासमिना म्हणाली, आणि मग पदराचं टोक तोंडात धरूनही तिचा हुंदका काही आवरेना.