वाढीव पट्टी

समजा, तुम्हाला पाण्याचा पंप करायचा आहे, पण लोखंडाला हात लावायचा नाही. पुढ्यात सागाची फळी, पटाशी आणि सरसाचं भांडं आहे. पंपाचं शंखासारखं पोट आधी लाकडात करायचं, त्याला नमुना म्हणतात. ते लाकूड ओलसर वाळूत दाबून अलगद काढून घेतलं की वाळूत त्याच्या आकाराची पोकळी उरते, आणि त्या पोकळीत वितळलेलं लोखंड ओततात. इथवर सोपं वाटतं. पण लोखंड थंड होताना आकसतं. लाकूड नेमक्या मापाचं केलंत, तर पंप त्याहून लहान निघणार. म्हणून तुमच्या हातातली पट्टीच वेगळी असते. तिच्यावर इंच आणि सूत नेहमीसारखेच आखलेले असतात, फक्त तिचा प्रत्येक इंच खऱ्या इंचापेक्षा केसभर मोठा असतो. नुसतं बघून ते कळत नाही. साध्या पट्टीशेजारी धरली की कळतं.

मरुदाचलम आसारीच्या हातात ही वाढीव पट्टी आली तेव्हा त्याला मिसरूडही फुटलं नव्हतं. पुढं ती हातात इतकी मुरली, की लग्न झाल्यावर घरासाठी खाट केली तीही त्याच पट्टीनं. दोन भिंतींच्या मधे बसवायची खाट बोटभर मोठी झाली आणि भिंतीचा गिलावा खरवडून आत घालावी लागली. बायको वळ्ळियम्माळ त्यावरून आयुष्यभर बोलत राहिली. पाहुणे आले की म्हणायची, "बसा ना खाटेवर. थंड झाली की बसेल बरोबर, असं हे म्हणतात. मी वाट बघतेय."

कोइमतूरच्या पीळमेडू भागात अलमेलु कंपनीचं जुनं आवार आहे. आसारी तिथल्या नमुन्यांच्या खात्यात होता. तिरुवेंकटस्वामी नायडूंनी चिंचेच्या झाडाखाली उसाचे चरक दुरुस्त करायला सुरुवात केली आणि घरातल्या देवीचं, अलमेलुमंगेचं, नाव धंद्याला दिलं. पहिल्या चरकाचा लाकडी नमुना आसारीच्या बापानं केला होता. पुढचं सगळं आसारीनं केलं. गावोगाव वीज आली, विहिरी खोल गेल्या, तेव्हा नायडूंनी पंप काढला. पंपाला दुसऱ्याची मोटर कशाला लावायची म्हणून मोटर काढली. मोटर गिरण्यांत जायला लागली, तेव्हा गिरण्यांची यंत्रंही आपणच करू म्हणाले. दर वेळी नवा धंदा आधी आसारीच्या बाकावर लाकूड होऊन यायचा, मग जगात जायचा.

आणि दर वेळी एक रीत पाळली जायची. नव्या वस्तूचा पहिला नमुना ओतकामाला जायच्या आधी नायडूंच्या मोठ्या घरी जायचा. आसारी तो स्वतः उचलून न्यायचा. नायडूंची बायको रंगनायकी अम्मा देवीपुढे पाट मांडून त्याच्यावर ठेवायची, कुंकू लावायची आणि आसारीला नवी वेष्टी, म्हणजे नेसायचं धोतर, द्यायची. नायडू बाजूला उभे राहून नमुन्यावरून बोटं फिरवत विचारायचे, "किती धरलंस?" म्हणजे आकसण्यासाठी किती सोडलंस. आसारी सांगायचा. उत्तर दोघांनाही ठाऊक असायचं. अम्मा म्हणायची, "या घरात नवं मूल आलं की ते आधी आसारीच्या मांडीवर असतं."

पुढं धंदे असे येऊ लागले, की त्यांना लाकूड लागेना. हॉस्पिटल बांधलं तेव्हा अम्मानं त्याला बोलावून घेतलं. "आसारी, यात तुझं काय?" आसारी दोन दिवस विचारात पडला आणि मग त्यानं हाताएवढी एक खाट करून नेली. अम्मानं तिलाही कुंकू लावलं. कॉलेज निघालं तेव्हा त्यानं पाटी केली. कर्जं देणारी कंपनी निघाली तेव्हा मात्र त्याला कुणी बोलावलं नाही. त्याला ते दिवाळीच्या कॅलेंडरवरून कळलं. हे काय असतं ते त्यानं मुलीला विचारलं, आणि तिनं सांगितल्यावर म्हणाला, "मग बरं झालं नाही बोलावलं. त्याचा नमुना कसा करणार होतो?"

नायडू गेले, मागोमाग अम्माही गेली, आणि दोन मुलांचं पटेना. कामगार थोरल्याला पेरियय्या म्हणत, धाकट्याला चिन्नय्या. मामांनी मध्यस्थी केली आणि वाटणी देवीपुढेच झाली. पंप, मोटर, जुनं आवार, मोठं घर आणि अलमेलु हे नाव थोरल्याला मिळालं. हॉस्पिटल, कॉलेज, गिरण्यांची यंत्रं आणि कर्जाची कंपनी धाकट्याला. पंपाच्या धंद्यात पाऊल टाकणार नाही, अशी धाकट्यानं पेटत्या कापरावर हात मारून शपथ घेतली.

माणसंही वाटली गेली. आसारी थोरल्याकडे राहिला, त्याचं क्वार्टरही थोरल्याचं. पण एकुलती मुलगी कनगा हॉस्पिटलात परिचारिका होती, ती गेली धाकट्याकडे. वळ्ळियम्माळ म्हणाली, "वाटणीची रेघ माझ्या चुलीवरून गेली म्हणा की. भात कुणाचा आणि सांबार कुणाचं, तेवढं सांगा."

एका रविवारी सकाळी चिन्नय्या स्वतःच क्वार्टरवर आला. गाडी लांब ठेवून चालत आला, हातात गोणपाटाची पिशवी. ओट्यावर बसला. लहानपणी नमुन्यांच्या खात्यात भुश्श्यात लोळायचा तसाच ऐसपैस.

"वळ्ळियक्का, कॉफीत साखर अजून तेवढीच घालता का?"

"साखर तेवढीच आहे, चिन्नय्या. तुम्हीच मोठे झालात."

त्यानं पिशवीतून लोखंडाचा एक ओबडधोबड तुकडा काढून आसारीपुढे ठेवला. पंपाचं पोट होतं. आसारीनं आतून अंगठा फिरवला आणि त्याचा चेहरा बदलला.

"हा आपलाच पंप वाळूत दाबलाय. लाकूड केलंच नाही."

"हो. आणि लहान निघाला. आत पंखा बसेना." चिन्नय्या हसला. "मी सांगत होतो आमच्या लोकांना. त्यांना घाई फार. नक्कल करायची म्हटली तरी बाप लाकडाचाच लागतो, हे तुमच्याच बाकाखाली बसून शिकलो ना मी. म्हणून आलो. तुम्ही मला एक नमुना करून द्या."

आसारी हळूच म्हणाला, "चिन्नय्या, कापूर..."

"कापरावर हात मी मारला. तुम्ही नाही."

"पण तुम्हाला काय कमी आहे? हॉस्पिटल आहे, कॉलेज आहे."

चिन्नय्या पेल्यातली कॉफी गोल फिरवत राहिला. "बाहेर कुठं गेलो आणि कुणी विचारलं, काय करता, तर मला चार वाक्यं लागतात. दादाला एक शब्द पुरतो. पंप. आमच्या अप्पांनी केलेलं एकच काम खरं होतं आसारी, बाकी सगळं त्याच्या पैशांवर उगवलं. आणि तेच माझ्याकडे नाही."

चपला घालताना तो सहज म्हणाला, "कनगा चांगलं काम करते म्हणे. यंदा परिचारिकांना कायम करायचंय."

तो गेल्यावर पिशवी ओट्यावर तशीच राहिली. वळ्ळियम्माळनं ती आत नेऊन खाटेखाली सारली.

कनगा ड्यूटीवरून आली. सगळं ऐकून घेत तिनं डाळ-तांदळाचा भात ताटात घेतला आणि जेवता जेवता म्हणाली, "माझ्यासाठी करू नका हं. नंतर प्रत्येक पगाराला मला ते ऐकायचं नाही."

"तुझ्यासाठी नाही म्हणालो तर तो ऐकेल?"

"ते त्यांचं त्यांनी बघावं. पण अप्पा, एक विचारू? आजवर इतकी लाकडं केलीत, ती एकाच घराची होती. घरं दोन झाल्यावर तेच लाकूड चोरीचं कसं काय होतं?"

रात्रभर आसारीच्या मनात तिच्या प्रश्नापेक्षा चिन्नय्याचं 'तेच माझ्याकडे नाही' हे वाक्यच घोळत राहिलं. ज्या पोराला त्यानं भोवरे करून दिले होते, ते पोर बापाची एक वस्तू मागायला आलं होतं. आणि जाता जाता त्याच्या मुलीच्या नोकरीवर बोट ठेवून गेलं होतं. दोन्ही खरं होतं, आणि तेच त्याला नको वाटत होतं.

त्यानं ठरवलं, पेरियय्यांना विचारायचं. लपवून काही करायचं नाही.

पेरियय्यांच्या खोलीत टेबलावर पुठ्ठ्याचं एक छोटं शहर मांडलेलं होतं. उंच इमारती, मधे झाडं, निळ्या कागदाचा पोहण्याचा तलाव. आसारीला आवाराची वेस ओळखू आली. त्या तलावाच्या जागी नमुन्यांचं खातं होतं.

"बस आसारी. बरा आलास, तुला मीच बोलावणार होतो." पेरियय्यांचा आवाज थकलेला होता. "ओतकाम बंद करतोय. वर्ष अखेरीला. पंप आता राजकोटहून करून घेऊ, वर नाव आपलं. जमिनीला इथं जो भाव आलाय, त्यापुढे लोखंड वितळवत बसणं म्हणजे... मामा सुद्धा म्हणाले, शहाणपणा कर. तुझी सोय करीन मी. जुने थोडे नमुने निवडून दे, नव्या इमारतीत खाली दिवाणखान्यात काचेत ठेवू."

"बाकीचे?"

"बाकीचे काय, जळण."

आसारी पुठ्ठ्याच्या इमारतींकडे बघत राहिला. फार सुबक काम होतं. मग म्हणाला, "अय्या, पंप आपण करणार नसलो, तर चिन्नय्यांनी केला तर चालेल?"

पेरियय्यांनी मान वर केली. "त्यानं विचारलं का तुला?"

आसारीनं होकारार्थी मान हलवली.

"पंप माझ्या वाटणीत आलाय. मी करीन, नाहीतर करणार नाही. पण त्यानं करायचा नाही." मग भिंतीवरच्या बापाच्या फोटोकडे न बघता म्हणाले, "लहानपणी त्याला माझं जेवण झाल्यावर माझंच ताट हवं असायचं. रिकामं असलं तरी."

रस्ताभर आसारीच्या कानात 'जळण' हा शब्द होता. घरी येऊन त्यानं चिन्नय्याला होकार कळवला आणि माळ्यावरून सागाच्या फळ्या काढल्या. त्याच्या बापानं ठेवलेल्या, मुरलेल्या. वळ्ळियम्माळनं काही विचारलं नाही. तिनं खाट भिंतीकडे सरकवायचा प्रयत्न केला, ती अर्थातच हलली नाही, मग तिनं त्याला खाटेसमोरची जागा झाडून दिली.

काम करताना एक विचार त्याच्या डोक्यात आला. भिंतीवर दोन्ही पट्ट्या टांगलेल्या होत्या. साध्या पट्टीनं नमुना केला तर चिन्नय्याला दिलेला शब्दही राहील, पंप लहान निघून मोडीत जाईल, आणि कापराची शपथही राहील. कुणालाही काही कळणार नाही. साधी पट्टी त्यानं हातात घेतली सुद्धा. फळीवर धरली. पहिली रेघ ओढायला पेन्सिल टेकवली आणि उचलली. त्यानं ती पट्टी परत खिळ्याला टांगली आणि वाढीव घेतली.

नमुना झाला. कडांना मेण भरलं, लाल रंग दिला. आजवर केलेल्या सगळ्यांत तो चांगला होता, हे त्याला ठाऊक होतं, आणि त्याचंच त्याला जास्त वाईट वाटत होतं. चिन्नय्याचा ड्रायव्हर न्यायला आला. आसारी म्हणाला, "उद्या ये. अजून देवीपुढे गेला नाही."

कनगा दारात उभी होती. "कुठली देवी अप्पा? ती पेरियय्यांच्या घरात आहे."

"आहे तिथंच न्यायचा."

"डोकं ठिकाणावर आहे ना? ते विचारतील, हे काय आहे, तर काय सांगणार?"

"ते विचारणार नाहीत. त्यांना बघूनच कळेल."

"नोकरी माझी जाईल आणि क्वार्टर तुमचं. एकाच फेरीत."

"मग इथं खाटेखाली ठेवून देऊ म्हणतेस? चोरीचा होतो की नाही, तूच विचारलं होतंस ना? लपवला की होतो."

कनगाला राग आला होता, पण तिनंच त्याची वेष्टी नीट करून दिली.

त्यानं नमुना नव्या पंच्यात गुंडाळून कडेवर मूल घ्यावं तसा घेतला. आवारातून, भर दुपारी, सगळ्यांच्या देखत चालत गेला. मोठ्या घराच्या रखवालदारानं नेहमीसारखं फाटक उघडलं. त्याला वाटलं, नवीन काहीतरी निघतंय. देवघरात दिवा होता. पाट मांडणारं कुणी नव्हतं. आसारीनं स्वतःच मांडला, पंचा सोडला, नमुना ठेवला. कुंकवाला हात लावायचा त्याला धीर होईना, तेव्हा मागे पावलं वाजली.

पेरियय्या जेवणावरून उठून आले होते. हात अजून ओला होता. त्यांनी नमुना पाहिला. तो काय आहे आणि कुणासाठी आहे, हे कळायला त्यांना वेळ लागला नाही. आसारी खाली बघत उभा राहिला. आता ओरडतील, असं त्याला वाटलं. रखवालदाराला बोलावतील. पाटावरून उचलून फोडतील. यातलं काही झालं असतं तर त्याला सुटल्यासारखं झालं असतं.

पेरियय्या वाकले. ओला हात वेष्टीला पुसून त्यांनी त्या शंखासारख्या पोटावरून बोटं फिरवली, आतून, बाहेरून, कडेपर्यंत.

"किती धरलंस?"

आसारीनं सांगितलं.

त्यांनी मान हलवली आणि परत जेवायला निघून गेले. कुंकू लावलं नाही. वेष्टी दिली नाही. नेऊ नकोस, असंही म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हर नमुना घेऊन गेला. महिन्याभरात कनगाची नोकरी कायम झाली, आणि त्याच आठवड्यात क्वार्टर रिकामं करायचा निरोप आला. दोन्ही निरोप आणणारी माणसं हसतमुख होती. आसारीनं आवाराबाहेर भाड्यानं दोन खोल्या घेतल्या. खाट दारातून निघेना, कारण ती आतच जोडलेली होती, म्हणून ती सुटी करून न्यावी लागली. नव्या घरात ती भिंतींच्या मधे सहज बसली, दोन्ही बाजूंना जागा उरली. वळ्ळियम्माळ म्हणाली, "थंड झाली शेवटी." पण कुणी हसलं नाही.

आता जुन्या आवारात पाया खणायचं काम चालू आहे. गावाकडच्या दुकानांतून चिन्नय्याचा पंप दिसायला लागलाय, वेगळ्या नावाचा. आसारी संध्याकाळी त्या रस्त्यानं फिरायला जातो आणि मोठ्या घराच्या फाटकापाशी त्याची पावलं हळू होतात. आत जाऊन एकदा विचारावं, असं त्याच्या रोज मनात येतं. क्वार्टर का काढून घेतलं, ते नाही विचारायचं, ते त्याला समजतं. त्याला एवढंच हवं आहे: एका शब्दात थांबवता आलं असतं, अय्या, मी थांबलोही असतो, मग तुम्ही मला माप का विचारलंत?