शिरूर ते दौंड: दोन घड्याळांच्या वह्या

सत्तरच्या दशकात मी पुण्यात घड्याळं बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत होतो. आमची दोन क्वार्ट्झची घड्याळं बाहेरच्या उन्हाळ्यात किती स्थिर चालतात हे पाहायला एक शिरूरच्या आणि एक दौंडच्या गोदामात ठेवलं होतं. तिथल्या वॉचमननं रोज रेडिओवरचे वेळेचे ठोके ऐकायचे, घड्याळ किती सेकंद पुढे आहे ते वहीत लिहायचं आणि महिन्याची नक्कल पोस्टानं धाडायची. शिरूरचं घड्याळ रोज अगदी दोन सेकंद पुढे सरकायचं. दौंडचं एका दिवशी तीन, दुसऱ्या दिवशी एक. आलेख मीच काढला आणि दौंडचे कांबळे मनानं आकडे ठोकतात, असं साहेबांना मीच सांगितलं. साहेबांनी त्यांना कामावरून काढल्याचं पत्र माझ्याच हाती दिलं. जाताना शिरूरमार्गे जा, तिथलंही बघून ये म्हणाले.

सकाळच्या एसटीनं शिरूर गाठलं. तिकीट चार रुपयांच्या आत, रस्ता हाडं मोजणारा. तिथले आप्पा म्हातारे आणि अगत्याचे. वही पाहून मी खूश झालो. सगळ्या नोंदी सकाळी आठच्या, अक्षर मोत्यासारखं, एकही दिवस रिकामा नाही. हे कसं जमतं विचारलं, तर आप्पांनी काहीही न लपवता सांगितलं.

"मधी आठ दिस रेडिओची बॅटरी संपली व्हती. पुण्याच्या मान्सास्नी भोकं पडल्याली वही कशी दावायची? म्हून दोन-दोन वाढवत भरली."

पाहुण्याचं ताट रिकामं दिसू नये, तसा हा प्रकार. मी हसलो, पण इथली सरळ वहीच मनानं भरलेली निघाली होती. मग दौंडच्या वेड्यावाकड्या वहीत काय होतं?

न्हावऱ्याला गाडी बदलायची होती. तिथं स्टँडसमोर गरम भजी आणि चहा घेतला. आता तुम्ही दुचाकीवर दीड-दोन तासांत जाल, आम्हाला दौंडला पोचायला दुपार झाली. दोन्ही बाजूंना ऊस, कांदा, आणि गाडीत दुधाच्या किटल्यांचा खणखणाट.

कांबळे पन्नाशीचे. पोरीचं लग्न ठरलेलं आणि घरात कमावणारे तेच एकटे, हे त्यांनी पाणी देता देताच सांगितलं. मी जरा चढ्या आवाजात विचारलं, घड्याळ असं उड्या का मारतं? त्यांनी वही पुढे केली.

"एक दिस दिवसपाळी, एक दिस रातपाळी. कामावर आलो की बघतो. ज्या टायमाला बघितलं त्योच टाइम लिव्हलाय. न बघितल्यालं कसं लिव्हू, साहेब?"

सकाळी आठ. दुसऱ्या दिवशी रात्री आठ. तिसऱ्या दिवशी परत सकाळी आठ. म्हणजे छत्तीस तासांत तीन सेकंद, मग बारा तासांत एक. घड्याळ रेघेसारखं सरळ चाललं होतं! वेळेचा रकाना नकलेतही होता. शिरूरसारखंच सगळीकडे असणार असं धरून आलेख काढताना मी तो गाळला आणि रोज एक ठिपका सारख्या अंतरावर मांडत गेलो. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो वळसा मी एसटीनं घातला होता.

पत्र मी दिलं नाही. कांबळ्यांच्या घरी बाजरीची भाकरी आणि बोंबलाची चटणी जेवलो.

पुण्यात साहेबांपुढे नवा आलेख ठेवला, चूक माझी म्हणून सांगितलं आणि पोटभर बोलणी खाल्ली. कांबळ्यांची नोकरी राहिली. शिरूरच्या वहीतले ते आठ दिवस खोडले आणि आप्पांना नव्या बॅटऱ्या धाडल्या. वेळ लिहिल्याशिवाय आकडा लिहायचा नाही, ही सवय मला तेव्हापासून लागली.

पण त्या सहलीतलं मला जास्त आठवतं ते दौंडच्या स्टँडवरचं. कांबळे मला गाडीपर्यंत पोचवायला आले होते. खिडकीशी उभे राहून म्हणाले, "काय चुकलं तर पुण्याहून नुसता कागूद येतो, साहेब. तुम्ही सोता इचारायला आलात. आजपत्तुर कुणी आलं न्हाई."

मी विचारायला आलो नव्हतो, हे मी त्यांना कधीच सांगितलं नाही.