जुईच्या मनगटाचा लढा

बसा, चहा घ्या, आणि हसू आलं तर खुशाल हसा. आधीच सांगून ठेवते, ही फजिती माझी स्वतःची आहे, कोणाकडून ऐकलेली नाही. पनवेलमध्ये बातमीदारी करता करता माझे केस पिकले. खड्ड्यांवर लिहिलं, टँकरवर लिहिलं, भर सभेत एका पुढाऱ्याच्या हातातला माइक काढून घेतला. माझ्या वाटेला सहसा कोणी जात नाही. आणि मी आपटले कुठे? लेकीच्या मनगटावरच्या एका ठिपक्यावर. तोही अजून काढलेला नव्हता!

माझी जुई वकील आहे. दामले वकिलांच्या हाताखाली काम करते. दामले सर म्हणजे जुन्या वळणाचा माणूस. कोटावर सुरकुती नाही, बोलण्यात एक शब्द जास्त नाही. त्यांचा दुसरा ज्युनियर सागर एकदा अंगठ्यात चांदीची जाड अंगठी घालून आला. सर एवढंच म्हणाले, "सागर, वरात किती वाजता निघणार आहे?" अंगठी खिशात गेली, ती परत दिसली नाही.

अशा माणसानं जुईला सांगितलं, "सोमवारी तुम्ही बोला." त्यांच्याकडे ज्युनियर वर्षानुवर्षं नुसत्या तारखा घेतात हो! आपटा गावच्या एका म्हाताऱ्या बाईंचा दावा होता. शेजाऱ्यानं त्यांच्या घराकडे जाणारी वाट कुंपण घालून अडवली होती. वाट तूर्त मोकळी करून द्या, एवढाच अर्ज. पण जुई पहिल्यांदा स्वतः उभी राहणार होती. पोरगी आरशासमोर, बाथरूममध्ये, कुकरसमोर बोलण्याचा सराव करत होती.

त्याच आठवड्यात, मी कांदा चिरत असताना, ती हळूच म्हणाली, "आई, कोणाला सांगणार नसशील तर एक सांगू?"

बातमीदाराला असं विचारतात का कधी?

"मी टॅटू काढणारे. मनगटावर, आतल्या बाजूला. एवढुस्साच. घड्याळाच्या पट्ट्याखाली झाकला जाईल. शनिवारची वेळ घेतलीये, नवीन पनवेलला."

"काढ की! मग झाकायचा कशाला?"

"अगं, दामले सर..."

"दामले सरांचं काय? मनगट त्यांचं आहे का?"

"तसं नाही गं. ते काही म्हणालेले नाहीत. मलाच आपली भीती..."

"म्हणजे दहशत!"

"आई, माझं वाक्य तरी..."

"हे खपवून नाही घ्यायचं, जुई! आज टॅटू, उद्या टिकली, परवा म्हणतील श्वास हळू घ्या!"

"आई, अजून काहीसुद्धा झालेलं नाहीये!"

"म्हणूनच आधी थांबवायचं!"

ती कपाळाला हात लावून आत गेली. मला वाटलं, बिचारी भावनावश झाली.

मी कांदा तसाच ठेवला आणि रविवारच्या सदरासाठी लेख लिहायला घेतला. 'मनगट कुणाचं?' असा मथळा. आता, मी काही कच्ची नाही. नावं कोणाचीच घातली नाहीत. 'शहरातील एका ज्येष्ठ विधिज्ञांच्या कार्यालयातील एक महिला कनिष्ठ वकील' एवढंच लिहिलं. दामल्यांच्या ऑफिसात महिला कनिष्ठ वकील एकच आहे आणि तिचं आडनाव माझ्या आडनावासारखंच आहे, हे तेव्हा माझ्या लक्षातच आलं नाही. लेख मात्र झणझणीत झाला होता. आणि मग मी ते केलं, जे एवढ्या वर्षांत एकदाही चुकवलेलं नाही. समोरच्याची बाजू घेतल्याशिवाय मी बातमी देत नाही. एकतर्फी लिहिणं माझ्या तत्त्वात बसत नाही.

मी दामले सरांना फोन लावला. प्रतिक्रियेसाठी!

"आपल्या कार्यालयात मनगटावर टॅटू काढायला मनाई आहे, हे खरं का?"

 सर म्हणाले, "कोणाच्या मनगटावर?"

"मी माझ्या सूत्रांची नावं उघड करत नाही."

"पाटील मॅडम, मला याबद्दल काहीच माहीत नाही."

आता आमच्या धंद्यात 'मला काहीच माहीत नाही' याचा अर्थ काय होतो? सगळं माहीत आहे, असाच ना? मी म्हटलं, सापडला! दुसऱ्या दिवशी थेट ऑफिसात जाऊन गाठायचं ठरवलं. बरोबर पुरावा म्हणून सासूबाईंना घेतलं.

आमच्या सासूबाई आगरी, अंगानं काटक, आवाज खणखणीत. दोन्ही हातांवर मनगटापासून वर हिरवं गोंदण. मी म्हटलं, बघू देत दामल्यांना, ही आपली परंपरा आहे, कुठलं परदेशी फॅड नाही. सासूबाईंना मी वाटेत रिक्षात सगळं समजावलं. त्यांना एवढंच समजलं की कोणीतरी जुईच्या गोंदणाला नाही म्हणतंय. तेवढं त्यांना पुरलं.

ऑफिसात पक्षकार बसले होते. सुकापूरचे एक गृहस्थ बिल्डरविरुद्ध फाइल घेऊन आले होते. आणखी दोघं तिघं होते. मी आत शिरले आणि सुरू झाले. स्त्रियांचं स्वातंत्र्य, वकिली पेशाची प्रतिष्ठा, घटना, मनगट, पुन्हा घटना. दामले सरांनी तीनदा तोंड उघडलं.

"मॅडम, माझं म्हणणं..."

"तुमचं म्हणणं मी छापणारच आहे! आधी उत्तर द्या!"

"तेच देतो आहे, की..."

"टाळाटाळ नको!"

सासूबाई पुढे झाल्या. दोन्ही हात टेबलावर ठेवले. "वकीलसायब, ह्यो बगा आमचा गोंदन. लग्नाच्या आदी काडला. सोना पोरं वाटून घेतात, ह्यो संगट येतो. याच्यात वाईट काय हाय?"

"काहीच नाही, आजी," दामले सर म्हणाले. सासूबाई खूश. पुढची सगळी वादावादी त्यांच्यापुरती संपली. त्या खुर्चीत बसून पानाची चंची सोडायला लागल्या.

सुकापूरचे गृहस्थ माझ्याकडे वाकून म्हणाले, "मॅडम, हे झालं की आमच्या लिफ्टचं पण घ्या ना. दर चार दिवसांनी बंद पडते."

तेवढ्यात दार उघडलं आणि हातात फायलींचा गठ्ठा घेऊन जुई आत आली. मला बघितलं. आजीला बघितलं. माझ्या हातातला लेख बघितला. मी पूर बघितलेत, आगी बघितल्यात, पण असा चेहरा कधी बघितला नव्हता. त्या क्षणी मला पहिल्यांदा सोमवार आठवला. हा माणूस आता एकच वाक्य बोलेल, 'सोमवारी सागर बोलेल', आणि माझ्या लेकीचं पहिलं उभं राहणं मी माझ्या या दोन हातांनी बुडवलेलं असेल. मी हातातला लेख पाठीमागे लपवला. विश्वास ठेवा, मी, आणि लेख लपवला!

दामले सर शांतपणे म्हणाले, "जुई, तुम्ही टॅटू काढणार आहात?"

"हो सर. शनिवारी." पोरगी खोटं बोलली नाही.

"काय काढणार?"

"एक ठिपका, सर. छोटा."

"ठिपकाच?"

"सर, तुम्ही मला म्हणाला होतात ना, की समोरचे वकील बोलत असताना मी मध्येच बोलते? ती खोड गेली नाही तर कोर्टात उभ्या राहू नका म्हणून? मी खूप प्रयत्न करते सर, पण तोंडातून निघूनच जातं. घरी मी अशी सुटले की आजी माझं मनगट इथे अंगठ्यानं दाबते. मी गप्प बसते. कोर्टात आजी नसते. म्हणून तिथेच ठिपका काढायचा होता. बोलावंसं वाटलं की मीच दाबीन."

 सासूबाईंनी चुना लावता लावता मान डोलावली.

"ही खोड तुम्हाला कुठून लागली?" सरांनी विचारलं.

 जुईनं फक्त माझ्याकडे बघितलं. मग सर माझ्याकडे वळले. मग सुकापूरचे गृहस्थसुद्धा! त्यांना काय अधिकार, सांगा मला!

"पाटील मॅडम," दामले सर म्हणाले, "तुम्ही आल्यापासून मला एकही वाक्य पुरं करू दिलेलं नाही. त्यामुळे या ठिपक्याची गरज मला पूर्ण पटली. जुई, अवश्य काढा. सोमवारची तयारी झाली का?"

मी तो लेख तिथेच फाडला. खरं सांगते, त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं. दुसरा कोणी असता तर मुलीला त्याच पावली घरी पाठवलं असतं, आणि पाठवायला मीच कारण दिलं होतं. जुई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं स्वतः माझ्यापुढे चहा ठेवला. त्या चहाचेही उपकार मी विसरलेली नाही.

सोमवारी मी आणि सासूबाई कोर्टात शेवटच्या बाकावर जाऊन बसलो. जुईच्या घड्याळाखाली ताजा ठिपका. समोरचे वकील बोलायला लागले. ते ठणकावून म्हणाले, "साहेब, या बाई त्या वाटेनं कधी गेल्याच नाहीत." जुईचे ओठ हलले. मग तिचा उजवा अंगठा डाव्या मनगटावर गेला. आणि पोरगी गप्प राहिली!

मी नाही राहिले.

"साफ खोटं!" म्हणून मी उभीच!

न्यायाधीशांनी चष्म्यावरून बघितलं. "कोण ते?"

 दामले सर उठले. "माफी असावी साहेब. बाई माझ्याबरोबर आहेत. पुन्हा होणार नाही." पुन्हा होऊ नये याची जबाबदारी सासूबाईंनी घेतली. त्यांनी माझं मनगट असं आवळलं की बांगडी वाकली.

मग जुईची पाळी आली. एक एक मुद्दा, सावकाश, खणखणीत. वाट तूर्त मोकळी ठेवण्याचा हुकूम झाला. आपट्याच्या आजीबाई जुईचे दोन्ही हात धरून रडल्या. बाहेर आल्यावर दामले सर म्हणाले, "चांगलं बोललात." फक्त दोन शब्द. जुई ते दोन शब्द अजून घरभर मिरवत असते, आणि मिरवू दे, हक्कच आहे तिचा.

मग सर माझ्याकडे वळले.  आपल्या मनगटावर फक्त बोट ठेवलं आणि निघून गेले.

पुढच्या शनिवारी मी त्याच दुकानात, त्याच खुर्चीत. शेजारी जुई आणि सासूबाई. सुई हातात घेऊन तिथली टॅटू काढणारी मुलगी गोड आवाजात म्हणाली, "काकू, केवढा ठिपका काढू?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "इला ठिपका नाय पुरायचा, बाय. कोपरापत्तुर घे."