शोकाकुलांत विष्णूचं नाव राहिलं

चहा येईपर्यंत सांगूनच टाकतो. नाहीतर मंठ्यात कुणीतरी तुम्हाला सांगणारच, आणि वर तिखटमीठ लावून सांगणार. माझ्या तोंडून ऐकलात तर गाढवपणा निदान होता तेवढाच कळेल.

माझं फ्लेक्सचं दुकान. वाढदिवस, निवड, बारसं, दहावा, चौकात जे जे लटकतं ते माझ्या हातचं. पुढे दुकान, मागे घर.

आमचे थोरले दादा मोठ्या आतड्याच्या कॅन्सरनं गेले. कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. जालन्याच्या डॉक्टरबाईंनी मला आणि धाकट्या विष्णूला समोर बसवून सांगितलं, "सख्ख्या भावांना याचा धोका जास्त असतो. आधी आतड्यात बारीकशी गाठ येते. दुखत नाही, खुपत नाही, वर्षानुवर्षं गप्प बसते. कोलोनोस्कोपी करायची, दुर्बिणीतून बघायचं, अशी गाठ दिसली की तिथंच काढायची. कॅन्सर व्हायच्या आधीच विषय संपतो. दोघंही करून घ्या."

विष्णू आष्टीला शेती बघतो, बांधावरून आमचं अधूनमधून वाजतं. बाहेर येताच म्हणाला, "आण्णा, तू कर आधी. मंग मी पाहीन."

मी वर्षभर टाळलं. ती दुर्बीण कुठून घालतात हे कळल्यावर कोण टाळणार नाही? पण खरं सांगू? लाज हे निमित्त होतं. मला भीती वाटत होती. दादांचा शेवटचा चेहरा डोळ्यांपुढून हलत नव्हता.

शेवटी बायकोनं, सुमननं, परस्पर नंबर लावला. आदल्या दिवशी जेवण बंद, फक्त पातळ प्यायचं. दुपारी चारला एक पावडर लिटरभर पाण्यात कालवून संपवायची, म्हणजे आतडं धुऊन निघतं. दुसरा डोस पहाटे. सोबत सूचनांचा कागद. दिवसभर मी लोकांच्या मजकुरातल्या चुका काढतो, पण हा एक कागद वाचायला मला काय धाड भरली होती? नाही वाचला!

पहिला घोट घेतला. खारट, बुळबुळीत, घशाखाली उतरेना. फडताळात गुलाबाच्या सरबताची बाटली दिसली. ओतली अर्धी! लालभडक झालं, पण काय झक्कास लागलं म्हणता! गटागटा संपवलं आणि स्वतःच्याच डोक्याचं कौतुक केलं.

तासाभरात पोटात ट्रॅक्टर सुरू झाला. चार खेपा झाल्या. पाचव्या खेपेला सहज खाली पाहिलं.

लाल!

संपलं, म्हटलं. दादांचंही असंच सुरू झालं होतं.

सुमनला सांगितलं का? छे! तिला कशाला रडवायचं? तसाच दुकानात जाऊन कॉम्प्युटरपुढे बसलो. डोक्यात एकच विचार, उद्या मी टेबलावरून उठलो नाही तर माझा फ्लेक्स कोण करणार? तो बसस्टँडवरचा? तो तर माणूस गेला तरी कडेनं फुगे टाकतो! मेल्यावर एवढी बेइज्जती?

मीच करायला घेतला. पांढरे ढग टाकले, कमळं टाकली. फोटो मेव्हण्याच्या लग्नातला, फेट्यातला. फेटा काढून केस घातले, थोडे जास्तच घातले. स्वतःच्या नावामागं 'कै.' टाइप करताना मात्र हुंदका आला. मग शोकाकुल: पत्नी, मुलगा, सून, दोन चुलते, भाचे, समस्त व्यापारी मंडळ. आता विष्णूचं नाव टाकणार, तोच कळ आली. पळालो. परत आलो तर यादी भरगच्च दिसली. वाटलं, झालं पूर्ण.

मोबाइलवर कसं दिसतं बघावं म्हणून स्वतःच्याच नंबरवर पाठवलं आणि पुन्हा पळालो. मोबाइल काउंटरवर, मी आत. चांगली वीस मिनिटं उठता येईना.

बाहेर येऊन बघतो तर काय? फ्लेक्स गेला होता आमच्या भावकीच्या ग्रुपवर! नुसते जोडलेले हात. चुलत्यांनी लिहिलं होतं, 'विश्वास बसत नाही, सकाळीच बोलणं झालं.' कुणीतरी विचारलं, 'अंत्यविधी किती वाजता?' मी घाईघाईनं लिहिलं, 'मी जिवंत आहे.' त्यावर लगेच उत्तर, 'वहिनी, धीर धरा.'

आता बोला!

खुलासे करता करता आणि आत पळता पळता तास गेला. मी आतून पायजम्याची नाडी बांधत बाहेर येतोय, तर दारात विष्णू. मोटारसायकल फेकून आलेला, डोळे सुजलेले. मला बघून भिंतीलाच टेकला.

"आण्णा! तू तं गेल्ता ना?"

"संडासात गेल्तो!"

त्यानं मला मिठी मारली आणि लहान पोरासारखा रडला. मीही रडलो. रडतारडता रक्ताचं सांगून टाकलं. सुमननं ते ऐकलं, माझ्या रिकाम्या ग्लासाकडं बघितलं आणि कागद उचलून मोठ्यानं वाचला.

"लाल किंवा जांभळ्या रंगाचं काही पिऊ नये, ते रक्तासारखं दिसतं! अहो, पोटातून सरबत निघून राह्यलं अन् तुमी फ्लेक्स करून राह्यले?"

हसून हसून ती खाली बसली. विष्णू मात्र हसेना. तो कॉम्प्युटरपुढे उभा राहून यादीवरून बोट फिरवत होता.

"आण्णा, भाचे हायेत. व्यापारी मंडळ हाय. माझं नाव कुठंय?"

"अरे, तेवढ्यात कळ आल्ती रे..."

"बांधावरून भांडलो म्हून मी सख्खा भाऊ न्हाई का? मेल्यावर बी माझं नाव न्हाई!"

चहा न घेता गेला.

दुसरा डोस मी बिनरंगाचा, नाक दाबून प्यालो. जालन्याला तपासणी झाली. झोपेच्या औषधात मला काही कळलंसुद्धा नाही. एक छोटी गाठ निघाली, तिथंच काढली. आठवड्यानं रिपोर्ट आला, कॅन्सर नव्हता. "राहिली असती तर पुढं होऊ शकला असता," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आता भावाला पाठवा. उशीर करू नका." मला हायसं वाटलं आणि लगेच विष्णूची धास्ती बसली.

विष्णू फोन उचलेना. स्वतः आष्टीला गेलो, हातापाया पडलो. तो गोठ्यातूनच म्हणाला, "पहिलं नाव टाक. अन् ग्रुपवरच पाठव. सगळ्यायनं पाह्यलं ना? मंग येतो तपासायला."

काय करणार? एक भाऊ गमावून बसलोय, दुसरा नाही गमवायचा. घरी आलो. रिपोर्ट खिशात, प्रकृती ठणठणीत, आणि स्वतःच्या श्रद्धांजलीत दुरुस्ती करायला बसलो. विष्णूचं नाव सगळ्यात वर, ठळक अक्षरांत. दिला ग्रुपवर टाकून.

मिनिटात त्याचं उत्तर आलं, 'उद्या सकाळी येतो. डॉक्टरबाईला नंबर लावायला सांग.'

मी डोळे पुसले. तोच खाली चुलत्यांचा मेसेज, 'पुन्हा एकदा भावपूर्ण श्रद्धांजली.'