सूचक म्हणून माझं नाव

"ए, हात खाली घे! तुमच्या घरात कुणी बघितलंय का असलं काय? फुटलं तर काय इकून भरशील?"

आमच्या गावचे आबा मला हे सगळ्यांसमोर म्हणाले. आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत, डिजिटल वर्गाच्या उद्घाटनाला. समोर तालुक्याचे अधिकारी, बोर्ड देणाऱ्या कंपनीचे दोन साहेब, आणि सतरंजीवर बसलेली पोरं. त्या पोरांत पहिल्या रांगेत माझी प्रणाली. तेव्हा पाचवीत होती.

मी काय केलं होतं? भिंतीवरचा तो मोठा बोर्ड चालू करताना अडकला होता. मुख्याध्यापक सर घामाघूम होऊन नुसतं बोट आपटत होते. मी नवलाख उंबरे गावातल्या एका कारखान्यात ठेकेदाराकडं कामाला आहे, लेबल लावायच्या मशीनवर. त्या मशीनलाही असाच बोटानं चालणारा पडदा आहे. पाळीत तीन-चारदा अडकतो आणि प्रत्येक वेळी मीच तो सुरू करते. कडेचं बटण जरा वेळ दाबून धरायचं, बास. तेवढ्यासाठी मी हात पुढं केला होता.

लोक हसले. आबा हसले म्हणून गाव हसलं, गाव हसलं म्हणून साहेब हसले. आणि त्याहून वाईट सांगते. मीही हसले. हात पदराखाली घेतला आणि दात काढले. त्या हसण्याची लाज मला आबांच्या बोलण्यापेक्षा जास्त वाटते.

बरं, मी तिथं कोण होते? शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष. निमंत्रणपत्रिकेत नाव छापलं होतं माझं. फोटोच्या वेळी सर जवळ येऊन हळूच म्हणाले, "ताई, तुम्ही जरा मागे उभ्या राहता का? फ्रेममध्ये गर्दी होतेय." सर तळेगावचे. कधी अरेतुरे करत नाहीत. त्यांचा अपमानसुद्धा इस्त्री केलेला असतो. मी मागं झाले. मागं म्हणजे दाराबाहेर. पेपरात फोटो आला, त्यात आबा आहेत, सर आहेत, साहेब आहेत. मी नाही.

आबा समितीत नव्हते. शाळेची जागा त्यांच्या वडिलांनी दिलेली, एवढाच त्यांचा हुद्दा, पण तो पुरतो. माझ्या आधी त्यांचा मुलगा अध्यक्ष होता, म्हणजे तेच होते. मग नातवंडं पिवळ्या बसमधून तळेगावच्या इंग्रजी शाळेत जायला लागली आणि घरात या शाळेचा पालकच उरला नाही. तेव्हा माझी आठवण झाली. बाई, त्यात आमच्या बौद्धवस्तीतली. वर दाखवायला बरी. आणि मान खाली घालून ऐकणारी. आमच्या वस्तीतल्या बायका चेष्टा करायच्या, "नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा." मला राग यायचा. पण वाळा कथलाचाच होता.

उद्घाटनानंतर बोर्डावर चादर पडली. दाराला कुलूप. साहेब येणार असा निरोप सकाळी यायचा. मग कुलूप निघायचं, मुली वर्ग झाडायच्या, पोरं ओळीत बसायची, बोर्डावर फुलपाखरू उमटायचं, सर मोबाइलवर फोटो काढायचे, आणि परत कुलूप. फोटो वर गेला की वापर झाला. हात धुवायच्या नळांचंही तेच. नळ चकचकीत, पाइपात पाणी नाही. फोटोत पाणी नसलेलं दिसत नाही.

आता समितीच्या सभांचं सांगते. दर महिन्याला सभा व्हायला पाहिजे असा नियम आहे. आमच्याकडं सभा व्हायची नाही, सभेची वही फिरायची. सर आधीच सगळं लिहून ठेवायचे, कोण हजर होतं, कोण काय बोललं, काय ठरलं. मग शाळेत खिचडी शिजवणाऱ्या सुमनमावशी ती वही पिशवीत घालून घरोघर जायच्या. माझ्याकडं यायच्या तेव्हा मी पाळीवरून येऊन भाकरी थापत असायची. मावशी पान उघडून बोट ठेवायच्या, "हितं." मी पिठाचा हात पुसून सही करायची. पूर्ण नाव, वळणदार. आमच्या आईचा अंगठा होता. मला माझ्या सहीचा अभिमान होता, खोटं का बोलू. मान वर करून वर काय लिहिलंय ते मी एकदाही वाचलं नाही. आपल्यावर विश्वास टाकलाय असं वाटायचं मला.

एक दिवस प्रणाली शाळेतून आली ती दप्तर टाकून भांडायलाच लागली.

"आई, तू कशाला कुलूप लावायला सांगितलंस?"

"कशाला कुलूप?"

"डिजिटल वर्गाला. आमी सरांना म्हनलो, आमाला बोर्डावर शिकवा. तर सर म्हनले, कुलूप समितीनं लावलंय. जा, तुज्या आईला इचार."

सगळ्या वर्गासमोर म्हणाले. पोरं तिला दिवसभर कुलूपवाली म्हणत होती.

दुसऱ्या दिवशी मी पाळी बुडवली आणि शाळेत जाऊन वही मागितली. सर म्हणाले, कपाटात आहे. मग म्हणाले, कपाटाची चावी सापडत नाही. मी तिथंच उभी राहिले. मधली सुट्टी झाली, खिचडी वाढून झाली, तरी उभी. शेवटी चावी सापडली.

वाचायला वेळ लागला. मी सातवी शिकलेय. ठराव असा होता. डिजिटल वर्गातील साहित्याची मुलांकडून मोडतोड होण्याची शक्यता असल्याने सदर वर्ग कुलूपबंद ठेवावा व मान्यवरांच्या भेटीच्या वेळीच उघडावा. सर्वानुमते मंजूर. खाली सूचक, म्हणजे हा ठराव ज्यानं मांडला तो. तिथं माझं नाव. आणि त्याखाली माझी ती वळणदार सही.

म्हणजे माझ्या पोरीला त्या वर्गाबाहेर ठेवा असं मीच म्हटलं होतं. वस्तीतल्या, गावातल्या सगळ्यांच्या पोरांना. ज्या तोंडानं मला हात खाली घे म्हटलं, त्याच तोंडाचं बोलणं माझ्या नावावर लिहिलं होतं. आणि मी भाकरी थापता थापता त्याला होकार दिला होता. त्या उद्घाटनाला मी नुसती मागं उभी होते. वहीत मात्र त्यांनी मला सगळ्यात पुढं उभं केलं होतं.

मी वही मिटून घरी आले. त्यानंतर मावशी वही घेऊन आल्या. शाळेला टॅब मिळणार होते, त्याचा ठराव. या वेळी मी हात पुसला नाही. म्हणाले, "मावशी, वही परत न्या. मीच शाळेत येते."

ऑफिसात सर होते आणि सरांच्या शेजारच्या खुर्चीत आबा. मी टेबलापुढं उभी राहून मोठ्यानं वाचलं. शाळेतील डिजिटल वर्गाचा सर्व विद्यार्थी दररोज वापर करीत आहेत, सबब शाळेस टॅब मंजूर व्हावेत. सूचक पुन्हा मीच.

"सर, ही सभा कवा झाली?"

"ताई, झाली असं आपण धरतो. आज चारपर्यंत अपलोड करायचंय."

"वर्गाचं कुलूप काडा. पोरांस्नी बसवा. आत्ता सही करते."

"चावी घरी राहिली."

आबांनी पाय हलवायचं थांबवलं. "सही कर गुमान. टॅब दुसरीकडं गेलं, तर गाव तुज्या नावानं बोंबलंल. तुजी पोरगी बी हाय ना त्याच शाळंत?"

ते खरं होतं. मी घाबरले, नाही म्हणत नाही. टॅब आले असते तर कदाचित, एखाद्या वेळी, प्रणालीच्या हातात पडलेही असते. मग डोळ्यांसमोर दुसरं कपाट आलं, दुसरं कुलूप आलं, आणि खाली सूचक म्हणून माझं नाव.

सरांचं पेन उचललं आणि ठरावाखाली लिहिलं. ही सभा झालेली नाही. डिजिटल वर्ग बंद असतो. कुलपाचा ठरावही मी मांडलेला नाही. मग सही केली. अक्षर वाकडंतिकडं आलं.

"ताई, हे रजिस्टर आहे! इथे असं लिहायचं नसतं."

"मग कुटं लिवायचं आसतं, सर?"

आबा उसळले, "राखीव म्हनून खुर्चीवर बसवली, तर डोक्यावर बसाया लागली!"

"खुर्ची कवा दिलीत, आबा? आल्यापासनं उभीच हाय मी."

टॅब आले नाहीत. दुसऱ्या गावाला गेले. पाण्याच्या टाकीपाशी बायका मला बघून बोलायच्या थांबतात, आमच्या वस्तीतल्यासुद्धा. नवरा म्हणाला, "कशाला अंगावर घेतलंस?" प्रणाली अजून पुरतं बोलत नाही माझ्याशी. कुणी माझ्या मागं उभं राहिलं नाही. उगीच खोटं सांगत नाही. वर्गाला अजून कुलूप आहे.

गेल्या आठवड्यात सर घरी आले. आमच्या वस्तीत पहिल्यांदाच. उंबऱ्याबाहेर उभे राहिले. पाणी दिलं तर म्हणाले, आत्ताच प्यालो. खिशातून टाइप केलेला कागद काढला. वैयक्तिक कारणास्तव मी अध्यक्षपदाचा राजीनामा देत आहे. "फक्त सही, ताई. तुम्हालाही त्रास नको."

मी पूर्ण वाचला. आता मी सगळं वाचते. कागद त्यांच्या हातात परत दिला.

"सर, माजं कसलंच वैयक्तिक कारण न्हाई. मला काडायचं आसंल, तर सभा बोलवा. वहीतली न्हाई, शाळंच्या पटांगणातली. सगळ्या आयाबापांना बोलवा, आबांनाबी बोलवा. हिला का काडतोय ते सगळ्यांम्होरं सांगा. मंग मीबी सांगीन."

सर कागदाची घडी घालून गेले. सभेची नोटीस अजून लागलेली नाही, लागणारही नाही. खऱ्या सभेची त्यांना माझ्यापेक्षा जास्त भीती आहे. माझी मुदत संपायला वेळ आहे. तोवर दर महिन्याला एक पाळी बुडवून मी शाळेत जाणार, वही मागणार, आणि जे झालं नाही ते झालं नाही असंच लिहिणार.